एक माउस, दोन व्याही

भिकननं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तो वाट पाहत बसला.

खिडकीबाहेर गेटवर टेम्पोवाला घसा फोडत होता. "ओ ऑफिसवाले! कब से खडा हूँ, चलन निकालो ना!" चलन काढणं हे भिकनचं काम होतं आणि ते त्याच्याच समोरच्या कॉम्प्युटरवरून निघायचं. पण कीबोर्ड आणि माउस शेजारच्या शालिग्रामच्या हाताखाली होते, आणि शालिग्राम उजव्या हाताच्या एका बोटानं अक्षरं शोधत होता. एक अक्षर सापडलं की तो स्क्रीनकडे बघायचा, ते उमटलंय याची खातरी करायचा आणि मगच पुढच्या अक्षराच्या शोधाला लागायचा.

"याही," भिकन हळूच म्हणाला, "गेटवर बोंबली राह्यनात."

"व्हई गयं, व्हई गयं. एकच लॉट राह्यना."

तो एकच लॉट बराच वेळ राहिला. मग शालिग्रामनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पानाचं तबक पुढं करावं तसा माउस भिकनच्या दिशेनं सरकवला. "ल्या, याही."

भिकननं आधी मान लववली, मग माउस घेतला. बाहेर टेम्पोवाला आता आईवरून बोलत होता.

पांडेसऱ्यातली ही रंगाई-छपाईची मिल. बाजारातल्या व्यापाऱ्यांचं कोरं कापड इथं येतं, रंगून, छापून परत जातं. येणाऱ्या आणि छापून तयार झालेल्या मालाची नोंद शालिग्राम करायचा, जाणाऱ्या मालाचं चलन भिकन काढायचा. दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर, दोन माणसं, असं कित्येक वर्षं सुरळीत चाललं होतं. यंदा श्रावणात कानबाईचा सण करून, तिला बोळवून दोघं कामावर आले तर टेबलं जोडलेली, आणि कॉम्प्युटरवाला एक कीबोर्ड व एक माउस पिशवीत घालून निघालेला. मगनभाई शेठ स्वतः उभे होते. त्यांनी माउस उजवीकडे सरकवून दाखवला. शालिग्रामच्या स्क्रीनवरचा बाण कडेला गेला, दिसेनासा झाला आणि भिकनच्या स्क्रीनवर उगवला. बाण ज्या स्क्रीनवर, टाइप केलेलं त्या स्क्रीनवर. एवढंच लक्षात ठेवायचं होतं.

"धंधो मंदो छे," शेठ म्हणाले. "दिवाळी पछी आ टेबल पर एक ज माणस बेसशे. त्यां सुधी बेउ जण शीखी लो."

म्हणजे दिवाळीपर्यंत दोघांनी मिळून शिकायचं आणि मग एकानं घरी जायचं. शेठ लोकांची गणितं साधी असतात, सोडवायची मात्र दुसऱ्यानं.

हे दोघं नुसते सोबती असते तर माउसवरून चार दिवस भांडले असते, एकमेकांच्या हातावर चापट्या मारल्या असत्या आणि संध्याकाळी एकाच रिक्षानं घरी गेले असते. एके काळी ते तसेच होते. भिकन अमळनेरकडचा, शालिग्राम शिरपूरकडचा. लग्नाआधी लिंबायतच्या एका खोलीत पाच जणांत राहायचे, एकाच मशीनवर उभे राहायचे, एका डब्यात जेवायचे. भिक्या आणि शाल्या. पुढे रंगाच्या वाफेनं भिकनची छाती धरली. डॉक्टर म्हणाले, रंगाच्या खात्यात मशीनवर उभं राहायचं असेल तर माझ्याकडे येऊ नका. शेठनं त्याला ऑफिसात घेतलं, आणि तिथं बसल्याबसल्या भिकननं शालिग्रामसाठीही शब्द टाकला. शाल्याला चार अक्षरं येतात, शेठ, हिशोबाला पक्का आहे.

मग त्या ऑफिसातच, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाता खाता, भिकनची हर्षदा शालिग्रामच्या लोकेशला द्यायचं ठरलं. दोघांनाही वाटलं, दोस्ती पक्की झाली. पण लग्नानं नातं जोडलं आणि दोस्ती मोडली.

मुलीचा बाप तो मुलीचा बाप. मुलाच्या बापासमोर त्यानं वाकायचं, आधी रामराम घालायचा, शब्द खाली पडू द्यायचा नाही. शाल्याचा 'याही' झाला, 'तू'चा 'तुम्हीन' झाला. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही ही रीत आता गावाकडेही फारसं कोणी पाळत नाही. भिकन पाळत होता. लेकीकडे जाताना तो पिशवीत पाण्याची बाटली न्यायचा आणि बैठकीत बसून स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायचा. "आप्पा, आमनाकडे आरओनं गोड पानी शे," हर्षदा चिडवायची. "तुमनी बाटलीमा काय अमृत शे का?" तो हसायचा. मनातून शालिग्रामलाही ते आवडायचं. व्याही असा मान राखतो हे चार लोकांत सांगता यायचं.

डबाही वेगळा झाला. शालिग्रामचा डबा आता हर्षदा भरायची. तो उघडला की लसणाच्या फोडणीचा वास टेबलावर पसरायचा आणि भिकनला डोळे मिटूनही कळायचं, आज शेवभाजी आहे, आज डुबुकवड्या आहेत. तिच्या हाताचा वास तो लहानपणापासून ओळखत होता. पण लेकीच्या घरचं अन्न. तो खुर्ची जरा भिंतीकडे वळवून जेवायचा. शालिग्राम पहिले काही दिवस "ल्या ना याही, एक घास" म्हणाला, मग म्हणेनासा झाला.

अशा दोन माणसांना शेठनं एक माउस दिला.

मुलीचा बाप मुलाच्या बापाच्या हातातली वस्तू ओढून घेत नाही. मागतही नाही. म्हणून भिकन मांडीवर हात ठेवून बसायचा. त्याच्या स्क्रीनवर चलनाचा रिकामा चौकोन उघडा असायचा, आणि बाण त्याच्याकडे कधी येतो याची तो वाट पाहायचा.

एकदा मात्र तो चुकला. भाद्रपदात, शेठ मागं उभे असताना. शालिग्राम आपल्या स्क्रीनकडे बघत टाइप करत होता आणि काहीच उमटत नव्हतं. भिकनच्या तोंडून पटकन निघून गेलं, "याही, बाण मन्हाकडे शे."

शेठ खो-खो हसले. "शालिग्रामभाई, तमारो बाण तो वेवाईने घेर जतो रह्यो!"

व्याह्याच्या घरी गेलेल्या बाणाची गंमत तासाभरात खात्यापर्यंत पोचली. शालिग्रामचा चेहरा उतरला. संध्याकाळी जाताना तो भिकनकडे न बघता एवढंच म्हणाला, "चार लोकमा माले शिकाडू नका."

दोन-तीन दिवसांनी हर्षदाचा फोन आला. आवाज दबका होता, मोरीत उभी राहून बोलत असावी. "आप्पा, तुम्हीन काय बोलनात त्यास्ले? सासूबाई म्हनतस, पोर दिधी म्हनीसन अक्कल शिकाडाले लागनात का? घरमा कोनीबी मन्हासंगे बोलत नही."

तिला तेव्हा दिवस गेलेले होते. भिकननं फोन ठेवला आणि कान पकडले. पुन्हा म्हणून काही बोलायचं नाही. बाण कुठंही जाऊ दे.

पण खुर्ची त्यालाही हवी होती. हे तो स्वतःशीसुद्धा उघड बोलत नसे. त्याचा हात माउसवर चांगला बसला होता, बाण इकडून तिकडे न्यायला त्याला आता बघावं लागत नव्हतं. शेठनंही ते पाहिलं होतं. "भिकनभाईनो हाथ बेसी गयो," असं ते एकदा शालिग्रामच्या देखत म्हणाले, तेव्हा भिकनला आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली. खुर्ची गेली तर त्याला पुन्हा खात्यात, वाफेत उभं राहावं लागलं असतं. दुसरं काम त्याला येत नव्हतं. आणि शालिग्रामची गेली तर हर्षदाच्या घरात काय उरत होतं? लोकेश हिऱ्याच्या कारखान्यात, आणि हिऱ्याला मंदी. आठवड्यातले निम्मे दिवस कारखाना बंद, उरलेले दिवस उद्याची धास्ती.

त्याच्या बायकोला, मालतीबाईला, असले प्रश्न पडत नव्हते. ती दारात साड्या पसरून गोंदानं टिकल्या चिकटवत बसायची. "तुम्हीनच राहा खुर्चीवर," ती मान वर न करता म्हणायची. "याहीनी छाती धडधाकट शे. त्यास्ले कोठेबी काम भेटी. तुमले खात्यामा धाडानं म्हंजे मसनवटामा धाडानं."

"तसं बोलू नही, वं."

"मंग कसं बोलू? रात्रे खोकलतस तुम्हीन, जागी मी राहस."

दिवाळी तोंडावर आली. मिलमध्ये मुंगीला शिरायला जागा नाही अशी गर्दी झाली. गठ्ठ्यांवर गठ्ठे, गेटवर टेम्पोंची रांग, प्रत्येक व्यापाऱ्याला माल आजच हवा. शालिग्रामचं बोट नेहमीपेक्षा जोरात आपटत होतं, त्यामुळं वेग वाढत नव्हता, आवाज वाढत होता.

त्या दुपारी भिकननं एक चलन अर्धं भरलं होतं. व्यापाऱ्याचं नाव टाकलं, टेम्पोचा नंबर टाकला, लॉट नंबर टाकायचा राहिला होता. तेवढ्यात शालिग्रामला खात्यातून तयार होऊन आलेला घाईचा एक लॉट नोंदवायचा होता. त्यानं हात पुढं केला, आणि भिकननं काम तसंच अर्धं टाकून कीबोर्ड-माउस त्याच्याकडे दिले. शालिग्राम लगेच टाइप करू लागला. बाण त्यानं आपल्याकडे नेलाच नाही.

भिकनला ते दिसलं. त्याच्या स्क्रीनवर, लॉट नंबरच्या रिकाम्या चौकोनात, एक आकडा उमटला. मग दुसरा. व्याही मान खाली घालून बोटाकडे बघत होते.

शाल्या असता तर भिकननं त्याच्या मनगटावर फटका मारला असता. 'अरे गाढवा, कोठे लिखी राह्यना!' दोघं हसले असते आणि तिथंच संपलं असतं. पण शेजारी शाल्या नव्हता. मागं शेठच्या केबिनचं दार उघडं होतं. हर्षदाचा तो मोरीतला आवाज भिकनच्या कानात होता. त्यानं तोंड उघडलं. मिटलं. काय शब्दांत सांगावं म्हणजे लागणार नाही, ते तो जुळवत होता. "अहो" एवढं त्याच्या ओठांवर आलं आणि शालिग्रामनं एन्टर दाबलं. सवयीप्रमाणे दोनदा.

भिकनची स्क्रीन एकदा लुकलुकली आणि चलनाचा नवा, कोरा चौकोन उघडला. चलन गेटवरच्या प्रिंटरला गेलं होतं, आणि त्यावरचा लॉट नंबर बघूनच गेटवर माल चढायचा. कुठला नंबर पडला ते भिकनला नीट दिसलंच नव्हतं. माउस हाती आला की बघू, चुकीचं असेल तर लगेच रद्द करू, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि हात मांडीवर ठेवले.

शालिग्रामला आपल्या स्क्रीनवर काही दिसेना. मग त्याच्या लक्षात आलं, बाण पलीकडे आहे. त्यानं तो ओढून आपल्याकडे आणला आणि तोच नंबर पुन्हा, पहिल्यापासून, एका बोटानं टाकायला घेतला. मध्येच त्याला फोन आला. गावाकडून कोणी दिवाळीला येणार होतं, त्यांच्या येण्याजाण्याची चौकशी सुरू झाली. बोलताना त्याचा पंजा माउसवर तसाच होता. भिकन त्या पंजाकडे बघत बसला. गेटवर टेम्पोचं इंजिन सुरू झालं. भिकन उठला नाही. उठून गेटकडे धावला असता तर का धावतोय ते सगळ्यांना सांगावं लागलं असतं.

"ल्या, याही."

भिकननं चलन उघडून बघितलं तोवर टेम्पो निघून गेला होता. एका व्यापाऱ्याच्या तयार साड्या दुसऱ्या व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढल्या होत्या. बाजारात पोचताच त्यांची गाठोडी बांधली गेली आणि संध्याकाळच्या आत ती पाटण्याच्या वाटेला लागली. ज्याचा माल होता तो व्यापारी दुसऱ्या दिवशी मिलमध्ये येऊन उभा राहिला. त्याच्या गिऱ्हाइकाला दिवाळीआधी हव्या होत्या त्या साड्या. तो ओरडला नाही. यापुढे तुमच्याकडे माल टाकणार नाही, एवढंच सांगून गेला. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

मगनभाई ऑफिसात आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "आ चलन कोणे काढ्युं?"



"आमां तो तमारुं नाम छे, भिकनभाई." शेठनं कागद पुढे धरला. भिकनच्या कॉम्प्युटरवरून निघणाऱ्या प्रत्येक चलनाखाली भिकनचं नाव आपोआप छापून यायचं. "तमे ज काढ्युं ने?"

भिकननं शेजारी बघितलं. शालिग्राम स्वतःच्या स्क्रीनकडे टक लावून बसला होता. स्क्रीनवर काहीही नव्हतं. त्याच्या कानाची पाळी लाल झाली होती. म्हणजे त्याला माहीत होतं. त्या दिवशी नंबर दोनदा टाकावा लागला होता, तो पहिल्यांदा कुठं गेला हे आता त्याला नक्की कळलं होतं.

भिकन वाट पाहत बसला. इतके दिवस बसायचा तसाच, मांडीवर हात ठेवून. व्याही आता बोलतील. आता बोलतील. माउस उशिरा का होईना, पण ते देत आले होते.

शालिग्रामनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मेरे हाथ से हुआ, सेठ," भिकन म्हणाला.

शेठनं कागदाची घडी घातली. "काम तो तमारुं सारुं हतुं," ते शेवटी म्हणाले. काम चांगलं होतं खरं, पण दिवाळीनंतर टेबलावर कोण बसणार ते ठरून गेलं.

मालतीबाईला त्यानं सगळं खरं सांगितलं. तिच्याशी खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं. ती ऐकत होती तोवर तिच्या बोटावरची टिकली तिथंच सुकली.

"चुकी त्यास्नी, आनि नाव तुम्हीन लिधं?"

"मी सांगतू तं पोरले तठे रोज आयकनं पडतं. लोकेशनं काम बी तसंच शे. घर कसं चालतं त्यास्नं?"

"आनि आपलं?" तिनं साडी बाजूला लोटली. "पोर दिधी. आते खुर्ची बी दिधी. आखो काय देवानं राह्यनं याहीले, तेवढं एक डाव सांगी द्या. म्हंजे मी बांधीसन ठेवसू."

ती रडली नाही. गोंदाची बाटली घट्ट बंद केली आणि भाकरी टाकायला उठली. त्या रात्री तिनं भाकरी इतक्या जोरात थापल्या की शेजारीण विचारायला आली.

पांडेसऱ्यात सगळ्यांना सगळं कळतं. चूक करून गेलेल्या माणसाला तिथं ऑफिसात कोण घेणार? भिकनला सचिन गावच्या एका मिलमध्ये काम मिळालं, खात्यात, मशीनवर. पहिल्या दिवशी झाकण उघडलं आणि वाफेचा लोट तोंडावर आला तेव्हा त्याला ओळखीचं कोणी भेटल्यासारखं वाटलं, नको असलेलं. पंधरवड्यात खोकला परत आला. तोंडाला रुमाल बांधून तो उभा राहायचा, आणि घरून नेलेली पाण्याची बाटली शिफ्ट संपेपर्यंत पुरवून पुरवून प्यायचा.

हर्षदा बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. नात बघायला शालिग्राम आणि त्याची बायको सोनाबाई आले, चहा घेतला, टोपडं-अंगडं दिलं. शालिग्राम सगळा वेळ पंख्याकडे बघत होता. सोनाबाई मात्र बोलत होती. "आमना यास्ले कितला तरास व्हयना त्या चुकीनाघाई," ती मालतीबाईला सांगत होती. "दोन्ही कॉम्प्युटरनं काम एकलाले पडस. लोके इचारतस, तुमना याहीनी असं कसं करं म्हनीसन." मालतीबाईनं पदर तोंडात कोंबला आणि चहाचे कप उचलून आत गेली. हर्षदा बाळाला घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला सासरी हे रोज ऐकावं लागलं होतं, आणि आपल्या बापाची चूक झाली असं तीही मानून चालली होती. बापाला तिनं त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नव्हतं. ते न विचारणंच भिकनला जास्त लागत होतं.

सव्वा महिना झाला. भिकन आणि मालतीबाई लेकीला आणि नातीला पोचवायला डिंडोलीला, तिच्या सासरी गेले. भिकनची दुसरी पाळी होती, तो तिथूनच परस्पर सचिनला जाणार होता. एका हातात बाळाच्या कपड्यांचं गाठोडं, खांद्याला पिशवी, पिशवीत डबा आणि भरलेली बाटली. जिना चढताना त्याला दम लागला. दुसऱ्या मजल्यावर तो कठडा धरून उभा राहिला आणि खोकत राहिला. हर्षदा वरच्या पायरीवर बाळाला घेऊन थांबली, बापाकडे बघत. तो हातानं तिला, जा वर, जा, अशी खूण करत होता.

लोकेश कारखान्यात गेला होता, त्या दिवशी काम निघालं होतं. सोनाबाईनं दारातच भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, सुनेला आणि नातीला आत घेतलं. बैठकीत शालिग्राम बसला होता. त्या दिवशी मिलला सुट्टी होती. भिकननं वाकून रामराम घातला. बसला, आणि पुन्हा खोकला सुरू झाला. तो थांबेना. डोळ्यांत पाणी आलं, मानेच्या शिरा तटतटल्या. सवयीनं त्याचा हात पिशवीतल्या बाटलीकडे गेला.

"आते काबरं बाटली, याही?" सोनाबाई म्हणाली. "नात व्हयनी. आते आमना घरनं पानी चाली तुमले. हर्षदा, पानी आन वं आप्पाले."

हर्षदा बाळाला खाली ठेवायला वाकली. पण तिच्या आधी शालिग्राम उठला. मुलाचा बाप व्याह्याला पाणी द्यायला उठला आहे हे सोनाबाईनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. "तुम्हीन बसा ना," ती म्हणाली. तो थांबला नाही. आत जाऊन त्यानं स्टीलचा ग्लास भरला, काठोकाठ, आणि तो दोन्ही हातांत धरून, सांडू न देता, बाहेर आणला.

"ल्या, याही."

तोच आवाज. माउस सरकवताना यायचा तोच. भिकननं दोन्ही हात पुढे केले, ग्लास धरला. शालिग्रामनं सोडला नाही. दोघांचे हात त्या ग्लासावर राहिले आणि थोडं पाणी भिकनच्या मनगटावर सांडलं.

"त्या दिवशे माउस मन्हा हातमा व्हता," शालिग्राम म्हणाला.

सोनाबाई बाळाचं टोपडं सारखं करत होती, तिचा हात तिथंच राहिला.

"तुमना कॉम्प्युटर आजून तुमनंच नाव लिखस. दर चलनवर. मी काढस, आनि खाले भिकन येस." त्याचा आवाज फाटला. "रोज येस, याही."

भिकननं लेकीकडे बघितलं. हर्षदा उभी होती आणि बापाकडे बघत होती, लहानपणी शाळेच्या गेटवर उभी राहून बघायची तशी. तिला कळलं होतं. इतके महिने मान खाली घालून तिनं जे ऐकलं होतं ते सगळं तिच्या चेहऱ्यावर एकदम वर आलं होतं. मालतीबाईनं डोळ्यांना पदर लावला. आता भिकननं एक शब्द जरी वाकडा काढला असता तरी कोणी त्याला दोष दिला नसता. त्यालाही वाटलं, बोलावं. छातीत भाता चालत होता आणि त्या भात्यामागं खूप काही साठलेलं होतं. समोर शालिग्राम ग्लास धरून उभा होता, केस पांढरे झालेला, एका बोटानं टाइप करणारा. हर्षदाला याच घरात राहायचं होतं.

आणि खरं तर, बाण आपल्या स्क्रीनवर आहे हे त्यानंही पाहिलं होतं. पाहून तो गप्प बसला होता.

"माउस दोन्हीसना व्हता, याही," तो म्हणाला.

शालिग्रामनं ग्लास सोडला.

भिकन पाणी प्यायला. सावकाश, मध्ये दोनदा थांबून, खोकला दाबत, शेवटच्या घोटापर्यंत. पाणी थंड होतं आणि हर्षदा म्हणायची तसंच गोड होतं. त्यानं रिकामा ग्लास परत दिला. शालिग्रामनं तो घेतला आणि तो आत नेऊन ठेवायचं विसरून तसाच हातात धरून उभा राहिला.

"जेवीसनच जा," सोनाबाई म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात धार नव्हती.

"पाळी शे," भिकन म्हणाला. "उशीर व्हई."

नातीच्या डोक्यावरून हात फिरवून तो उठला. हर्षदा दारापर्यंत आली. त्यानं तिला हातानं, जा, बाळाकडे जा, अशी खूण केली. मालतीबाई संध्याकाळपर्यंत लेकीजवळ राहणार होती. तो एकटाच कठडा धरत जिना उतरला. खाली सचिनची रिक्षा भरत आली होती. कडेला बसून त्यानं पिशवी मांडीवर घेतली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले. बाटली तशीच भरलेली होती. खात्यात गेल्यावर ती लागणारच होती.